जाऊबाईंची दाढ

आमचें गांव देवणी. येथील गोवंशामुळें हें नांव वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. गोऱ्हा विकत घ्यावयाचा झाला, कीं मामंजी प्रथम त्याचा ओठ उचलून दांत पाहतात. गाईबैलांना वरचे पुढचे दांत नसतातच. खालच्या आठांवरून वय कळतें. अदंत, दोनदांती, चारदांती, सहादांती, जुळलेला, हा क्रम आमच्या मुलांना पाढ्यांबरोबर पाठ होतो. असें असून घरच्या माणसांच्या दांतांकडे आमचें लक्ष किती असतें, हें दोन वर्षांपूर्वीं मला कळलें.

माझ्या थोरल्या जाऊबाई भाकरी ताकांत कुस्करून खाऊं लागल्या होत्या. वयोमान असेल, असें मी धरून चाललें. एके रात्रीं पाणी प्यावयास उठलें, तों त्या अंधारांत दाढेखालीं लवंग धरून बसलेल्या दिसल्या. किती दिवसांपासून दुखतें, असें विचारतां म्हणाल्या, "संक्रांतीपासून." तेव्हां आषाढ चालू होता.

"अहो, मग बोलायचें नाहीं का?"

"अगं, मुलांच्या फीचे दिवस. एका दाढेसाठीं मामंजींपुढें हात कुठें पसरूं?"

दुसऱ्याच दिवशीं मीं त्यांस शहरांतील एका दंतवैद्याकडे नेलें. दाढ वांचेल, पण रूट कॅनॉल करून वर टोपी बसवावी लागेल, असें त्यांनीं सांगितलें. खर्चाचा आंकडा ऐकतांच जाऊबाई उठल्या. "काढूनच टाका," म्हणाल्या, "एका दाढेवांचून माझें कांहीं अडत नाहीं." मींच त्यांना हात धरून बाहेर आणलें.

मार्ग दाखविला तो बीदरच्या आत्याबाईंनीं. तेथें दंतवैद्यकाचें महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखालीं उपचार करतात, म्हणून खर्च कमी येतो. मात्र वेळ फार लागतो व खेपा वाढतात. तसें महाविद्यालय आमच्या लातुरासही आहे. पण बीदरला राहावयास घर होतें आणि जाऊबाईंजवळ बसावयास आत्याबाई होत्या.

परराज्यांत उपचार! अमेरिकेंतील लोक दांतांसाठीं सीमा ओलांडून मेक्सिकोंतील लॉस अल्गोडोनेस या गांवीं जातात, हें मीं वाचलें होतें. आपल्यावरही ती पाळी येईल असें वाटलें नव्हतें. खरें म्हणजे आम्हांस ही सीमा तशी नवीच. आमच्या आजेसासूबाई भालकीच्या. लग्न होऊन त्या देवणीस आल्या, तेव्हां दोन्हीं गांवें निजामाच्या राज्यांत आणि एकाच बीदर जिल्ह्यांत होतीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली. उदगीरचा मुलूख मुंबई राज्यांत आला, भालकी व बीदर म्हैसुरांत राहिलीं, आणि त्यांचें माहेर एका दिवसांत परराज्यांत गेलें. आज ती सीमा आम्हांस तिकिटांत भेटते. २०२३ पासून आमच्या एस.टी.त बायकांना अर्धें तिकीट आहे, पण तें राज्याच्या हद्दीपर्यंतच. पलीकडे त्याच वर्षापासून बायकांना प्रवास फुकट, पण तो कर्नाटकांतील रहिवासी बायकांना!

पहिल्या खेपेस दाढेचा गाभा उघडून सडलेली नस काढली. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस मुळांतील बारीक नळ्या साफ करून त्यांत गटापर्चा नांवाचा रबरासारखा पदार्थ भरला. काम करणारी मुलगी आमच्या पुतणीच्या वयाची. प्रत्येक पायरीस ती थांबे, अध्यापक येऊन पाहत, मग ती पुढें जाई. तासन्‌तास तोंड उघडें ठेवून जाऊबाईंचा जबडा अवघडून जाई; पण दुखणें गेलें.

चूक झाली ती येथेंच, आणि ती सर्वस्वीं आमची. टोपीसाठीं चौथी खेप राहिली होती. किडीनें व कोरण्यानें पोकळ झालेली दाढ चावतांना फुटूं नये, म्हणून टोपी हवी, हें त्या मुलीनें दोनदां बजावलें होतें. पण जाऊबाई म्हणाल्या, "आतां दुखत नाहीं, पुन्हां भाडें कशाला?" घरांतील सर्वांनीं मान डोलावली. मींही डोलावली. दिवाळींत कडक चकली खातांना दाढेचा कंगोरा तुटला. सुदैवानें तो हिरडीच्या वरच तुटला, म्हणून टोपी बसूं शकली; खोल गेला असता, तर दाढ काढावीच लागती.

शेवटीं मीं हिशेब मांडला. पांचही खेपांचें भाडें धरूनसुद्धां खर्च पहिल्या आंकड्याच्या निम्म्याहून कमी झाला. वही मामंजींपुढें ठेवली. त्यांनीं ती पुष्कळ वेळ पाहिली व विचारलें, "पहिला आंकडा मला कां सांगितला नाहीं? मी नाहीं म्हटलें असतें का?"

जाऊबाई खालीं पाहत राहिल्या. मलाही उत्तर सुचलें नाहीं. ते नाहीं म्हणाले नसते, हें आम्हां दोघींस ठाऊक होतें. आणि तरीही आम्हीं विचारलें नव्हतें. स्वस्तांत काम झालें, याचें समाधान आहेच. पण स्वस्त वाट सांपडली नसती, तर ती दाढ मुकाट्यानें गेली असती, आणि आम्ही सर्वांनीं तिला वयोमान म्हटलें असतें.

गेल्या पोळ्याला बैल ओंवाळून झाल्यावर मामंजींनीं आम्हां दोघींस ओटीवर बोलावलें व, बैलाची चौकशी करावी तितक्याच गंभीरपणें, विचारलें, "तुमचे दांत कसे आहेत?"

जाऊबाई पदराआड हंसल्या. मीं मात्र सांगून टाकलें, "डावीकडची एक ठणकते."