चाकांवरचं घर आणि खाडीपलीकडची माणसं

घर भाड्यानं घेताना नावाची अडचण येते, यावर आपल्याकडे बरंच लिहून झालं आहे. सहलीच्या खोलीचंही तेच होतं, हे मात्र आपण फारसं बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावात फोनवर खोली ठरली होती. दारात आधार कार्ड दाखवलं आणि ती ‘आत्ताच गेली’. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. परतताना तिनं काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्याचा मला जास्त त्रास झाला.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत चाकांवरचं घरच घेतलं. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि अब्बांच्या गुडघ्यांसाठी कमोड. मुरूडहून निघून किनाऱ्यानं गुहागर गाठायचं, एवढंच ठरलं होतं.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. रायगडातल्या आंबेतचा हा माणूस 1980 ते 1982 मुख्यमंत्री होता. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं तेही त्यांच्याच काळात, 1981 साली. रस्ता अजून सलग नाही. खाडी आडवी आली की गाडी जंगलजेटीवर चढवायची: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे. मधे अंगावर येणारी वळणं, एका बाजूला जांभ्याचा कडा आणि दुसरीकडे थेट पाणी. हरिहरेश्वरला लाटांनी काळ्या खडकाची अक्षरशः चाळण केली आहे.

आम्ही घाटावरचे. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, असे आमचे तीन कप्पे. ‘तुमचं मराठी छान आहे हो’ हे कौतुक मी वीस वर्षं ऐकतो आहे, मराठीच शिकवत असूनही. राजपुरीच्या धक्क्यावर जंजिरा बघत उभे होतो. शेजारी डोईवर ओढणी घेतलेल्या एक आजी नातवाला दटावत होत्या. त्यांची कोकणी बोली ऐकून मुलीनं विचारलं, “अब्बू, या मराठी बोलतात की आपल्यातल्या आहेत?” मी म्हटलं, “दोन्ही.” तिनं ‘की’ कुठून आणलं, याचा विचार मी पुढे बराच वेळ करत होतो.

श्रीवर्धनला फजरच्या जमातीत इमामांनी कुनूत पढली. आम्ही हनफी, अब्बा जरा चमकले. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रानं आलेला हा वारसा. आणि इथं किबला म्हणजे समुद्रच. संध्याकाळी वाळूवर जानमाज अंथरली की सूर्य समोरच बुडतो. दाभोळच्या धक्क्याजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. या बंदरातून एके काळी हाजींची जहाजं सुटत. अब्बा तिच्या पायरीवर बराच वेळ बसून होते.

गाडीचा फायदा खरा होता. तीन रात्री आम्हांला कोणी नाव विचारलं नाही. पण तिसऱ्या रात्री मला त्याचं ओझं वाटू लागलं. नकार टाळायला मी दारच टाळत होतो, आणि मुलगीही तेच शिकत होती.

चौथ्या संध्याकाळी गुहागरच्या अलीकडे टाकी संपली. रस्त्यालगत सुपारीची वाडी दिसली. बायको म्हणाली, “मी विचारते,” आणि बुरख्यातच फाटकाशी गेली. वाडीवाल्या काकांनी विहिरीचा पंप सुरू केला. गाडी उतारावर नको म्हणून आत अंगणात घ्यायला लावली. काकूंनी मुलीला आत बोलावून घावणे खाऊ घातले. अब्बांनी वुजू केला, तेव्हा काकांनी ओसरीवरचा दिवा लावला आणि पश्चिमेकडची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

एका वाडीमुळे दोन वर्षांपूर्वीचं ते दार उघडत नाही, हे मला कळतं. मुलीला मी तसं सांगणारही नाही. सकाळी काका म्हणाले, “पुढच्या वर्षी दोन खोल्या बांधतोय. गाडी नका आणू, सरळ इकडेच या.” त्यांनी माझा नंबर घेतला. नाव पूर्ण विचारलं, आणि नीट उच्चारता येईपर्यंत माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.