दुसऱ्या हाफचा हिशोब

मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेबद्दल काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा बहुतेकांच्या मनात नायगारा नाहीतर न्यूयॉर्क असणार. मी लिहिणार आहे ते कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या कॉलेजच्या गावाबद्दल आणि तिथे पाहिलेल्या बास्केटबॉलच्या एका सामन्याबद्दल. निकाल आधीच सांगून टाकतो. सामना अगदी एकतर्फी झाला आणि आमची टीम हरली. तरीही अमेरिकेतल्या तीन वर्षांत पाहिलेल्या गोष्टींपैकी हाच सामना मला सगळ्यात जास्त आठवतो. त्याचं कारण मात्र लॉरेन्समध्ये नाही, आपल्या ग्वाल्हेरमध्ये आहे. तिथे शेवटी येतो.

कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं ते कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्क या उपनगरात. तिथून के-टेन हायवेने पश्चिमेला निघालं की तासाभराच्या आत लॉरेन्स येतं. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, थंडीत वाळून पिवळं पडलेलं गवत, आणि मग अचानक समोर एक टेकडी. तिचं नाव माउंट ओरिएड. त्या टेकडीवर कॅन्सस विद्यापीठ वसलेलं आहे. ग्वाल्हेरच्या माणसाला टेकडी दिसली की वर किल्ला असणार असंच वाटतं. इथे वर वाचनालय आणि वर्ग आहेत, आणि उताराखाली नेस्मिथ ड्राइव्ह या रस्त्याकडे त्यांचा खरा किल्ला आहे, अ‍ॅलन फील्डहाउस.

बाहेरून पाहिलं तर चुनखडीच्या दगडाचं एक मोठं धान्याचं कोठार वाटावं अशी ही इमारत. १ मार्च १९५५ ला सुरू झाली. मी गेलो तेव्हा आत १६,३०० माणसं बसत. बसायला बहुतेक लांबच लांब बाकं. एकाने पाय हलवला तरी ओळीतल्या चार जणांना कळतं. २०१७ साली इथल्या प्रेक्षकांच्या आरडाओरडीची नोंद १३०.४ डेसिबल झाली आणि बंदिस्त मैदानातला सगळ्यात मोठा आवाज म्हणून तिचा गिनीज विक्रम झाला. लग्नाच्या वरातीतल्या बँडसमोर उभं राहून मोठे झालेल्या मलाही पहिल्यांदा कानांवर हात ठेवावेसे वाटले.

शेजारच्या इमारतीत काचेमागे टाइप केलेले दोन कागद ठेवले आहेत. डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला या खेळाचे जे तेरा नियम लिहिले, तेच हे मूळ कागद. थंडीत मुलांना आत खेळता येईल असा काहीतरी खेळ त्यांना हवा होता, म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. पहिल्या सामन्यात दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू होते आणि निकाल लागला १-०. २०१० मध्ये हे दोन कागद लिलावात ४३ लाख डॉलरना विकले गेले. विकत घेणारा याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. त्याने ते इथे आणून दिले.

नेस्मिथ १८९८ मध्ये लॉरेन्सला आले आणि इथेच राहिले. गंमत म्हणजे कॅन्ससच्या पुरुष संघाच्या आजवरच्या प्रशिक्षकांमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे स्वतः नेस्मिथ. ५५ विजय, ६० पराभव. ज्याने खेळ काढला तोच त्यात हरत राहिला! पण त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग अ‍ॅलन मोठे प्रशिक्षक झाले. फील्डहाउसला नाव त्यांचंच. अ‍ॅलन यांच्या हाताखाली खेळलेले अ‍ॅडॉल्फ रप पुढे केंटकी विद्यापीठात गेले आणि तिथे ८७६ सामने जिंकले. केंटकीचे आजचे सामने होतात त्या मैदानाचं नाव रप अरीना.

हे वाचताना मला आपलं गाणंच आठवलं. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्करांनी ती देशभर पसरवली. मूळ गाव एक, पण डेरेदार झाड दुसऱ्याच अंगणात. कॅन्सस आणि केंटकीचं नातं असंच घराण्याचं आहे. आणि २९ जानेवारी २०२२ च्या शनिवारी या घराण्याची लांबची शाखा मूळ वाड्यात खेळायला येणार होती.

तिकीट मिळणं अवघडच होतं. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे अख्ख्या हंगामाचं तिकीट असे. त्याला ऐनवेळी बाहेरगावी जावं लागलं आणि त्याने ते माझ्या हातात ठेवलं. वर बजावलं, की कॅन्सस घरच्या मैदानावर वर्षाला सरासरी एखादाच सामना हरतं, तेव्हा तू आनंदातच परत येशील.

सामन्याआधीचं वातावरण एखाद्या आरतीसारखं होतं. दिवे मंद झाले, सगळे उभे राहिले, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून डोलू लागले आणि सोळा हजार गळ्यांतून संथ लयीत ‘रॉक चॉक, जेहॉक’ असा घोष सुरू झाला. जेहॉक हा त्यांचा काल्पनिक पक्षी आणि ‘रॉक चॉक’ म्हणजे त्या टेकडीचा चुनखडीचा दगड. पाहुण्या संघाची ओळख करून देताना विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून वाचत बसल्याचं नाटक करतात. मग आपली टीम आली की त्याच कागदांचे कपटे करून हवेत उधळतात. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते. त्यांनी कपटे उधळले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढली आणि पानावर दोन रकाने आखले.

मग सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात सगळं मैदान गप्प झालं.

पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात. पहिल्या हाफमध्ये केंटकीने जे केलं त्याला धुलाई हाच शब्द आहे. त्यांचा ऑस्कर शीब्वे बास्केटखाली असा उभा राहायचा की रिंगवरून उडालेला चेंडू जणू त्यालाच पत्ता विचारत यायचा. कीऑन ब्रुक्सने सामन्यात २७ गुण केले. मध्यंतराला फलक होता ५१-३१. वीस गुणांनी मागे, तेही स्वतःच्या घरात.

मी उठलो. खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं त्याहून जास्त लाज वाटत होती. आपली टीम म्हणावी इतका काही माझा त्यांच्याशी संबंध नव्हता, तरी ते पाहवत नव्हतं. पार्किंगमधून लवकर निघू, हायवे मोकळा मिळेल, असं मनाला समजावत मी जाकीट घातलं. आजोबांनी मला वाट द्यायला पाय आत घेतले. तेवढ्यात माझी नजर त्यांच्या वहीवर गेली. त्यांनी पान उलटलं होतं, कोऱ्या पानावर पुन्हा दोन रकाने आखले होते आणि वर लिहिलं होतं, दुसरा हाफ. ०-०.

मी विचारलं, “वेगळं पान कशाला?”

ते म्हणाले, “मुलं आता हाच हाफ खेळणार आहेत. पहिला तर झाला.”

मी जाकीट काढून परत बसलो.

दुसऱ्या हाफमध्ये काही चमत्कार झाला नाही. मी सिनेमाचा शेवट सांगत नाहीये. कॅन्ससने फरक थोडा कमी केला की केंटकी परत बास्केट करायची. सामना कधी हातात आलाच नाही. पुढच्या ओळींतली काही माणसं उठून गेली. पण मैदानावरची पोरं चेंडूमागे झेप घेऊन जमिनीवर घसरत होती, अगदी पहिल्या मिनिटाला घसरावं तशी. अंतिम गुण ८०-६२. जिंकताना शेवटी तोच घोष संथ लयीत पुन्हा होतो म्हणे. तो ऐकायला मी थांबलो होतो, पण त्या दिवशी तो कानावर आला नाही. आजोबांनी वही माझ्यासमोर धरली. दुसऱ्या पानाखाली बेरीज होती, कॅन्सस ३१, केंटकी २९. ते काही बोलले नाहीत. वही खिशात ठेवली, टोपी घातली आणि कठड्याला धरून हळूहळू पायऱ्या उतरले.

परतीच्या वाटेवर अंधारात गाडी चालवताना मला आमचा सामना आठवला.

बीईच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी परगावी गेली होती. आठ जण गेलो होतो. एकाला ताप आला, दोघं पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले. राहिलो बरोबर पाच. समोरची टीम फार तयारीची. शेवटच्या क्वार्टरची सात मिनिटं उरली होती आणि गुण होते ६८-१४. कडेला बसलेली त्यांची पोरं आमच्या प्रत्येक चुकीला टाळ्या वाजवत होती. एका रिबाउंडनंतर मी खाली पडलो आणि घोटा धरून बसलो. घोट्याला काहीही झालं नव्हतं. मला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. मी लंगडत बाहेर गेलो आणि थेट बसमध्ये जाऊन बसलो. उरलेली सात मिनिटं आमचे चौघे पाच जणांविरुद्ध खेळले. ७९-२३ ने हरलो, हे मला नंतर कळलं. त्यानंतर मी बास्केटबॉल हातात धरला नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, घोटा अधूनमधून दुखतो. इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे तो खरंच दुखायला लागला!

त्या हंगामाचं पुढे काय झालं ते आमच्या वयाच्या, आणि आमच्याहून लहान, वाचकांनी जरूर पाहावं. मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरीची स्पर्धा होती, एकदा हरलात की घरी. कॅन्ससची अशी धुलाई करणारी केंटकी पहिल्याच सामन्यात सेंट पीटर्स नावाच्या न्यू जर्सीतल्या छोट्या कॉलेजकडून ८५-७९ अशी हरली. आणि कॅन्सस ४ एप्रिलला न्यू ऑर्लिन्सला अंतिम सामन्यात पोचली. तिथे मध्यंतराला नॉर्थ कॅरोलिना ४०-२५ ने पुढे होती. घरी टीव्हीसमोर बसलेल्या मित्रांनी जेवायची ताटं वाढायला घेतली. मी कागद घेतला, दोन रकाने आखले आणि वर ०-० लिहिलं. त्या हाफमध्ये कॅन्ससने ४७ गुण केले, नॉर्थ कॅरोलिनाने २९. सामना ७२-६९, अजिंक्यपद कॅन्ससचं. अंतिम सामन्यात इतकी पिछाडी कोणी कधी भरून काढली नव्हती.

जानेवारीत हरले म्हणून एप्रिलमध्ये जिंकले, असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर आम्हीही कुठेतरी जिंकलो असतो. ते आजोबा जिंकण्याच्या आशेने रकाने आखत नव्हते, एवढंच मला कळलं होतं. उरलेली वीस मिनिटं कोणी तरी खेळणार आहे, तर ती कोणी तरी नीट पाहिली पाहिजेत, इतकाच त्यांचा हिशोब असावा.

त्या वर्षी दिवाळीला ग्वाल्हेरला आलो, तेव्हा आमच्या कॅप्टनला फोन केला. तो आता बँकेत आहे, लश्करमध्येच राहतो. बाड्यावर कचोरी खाता खाता मी त्याला घोट्याची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांनी. मला वाटलं, चिडेल.

तो म्हणाला, “माहीत आहे रे. लंगडत होतास उजव्या पायाने आणि रात्री बसमध्ये बर्फ लावलास डाव्याला.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीस?”

“काय बोलणार? तू आधीच खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं होतंस.” मग त्याने कचोरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि म्हणाला, “पण एक सांगू? शेवटच्या सात मिनिटांत आम्ही चौघांनी नऊ गुण केले. त्या आधीच्या तेहतीस मिनिटांत पाच जणांनी चौदा. शेवटची बास्केट तर हाफ लाइनजवळून टाकली मी. समोरची पोरंसुद्धा उभी राहिली. तू असायला हवा होतास यार.”

एवढंच म्हणाला तो. मला ७९-२३ तोंडपाठ होतं. त्यातली सात मिनिटं ११-९ होती, हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं, कारण ती पाहायला मी तिथे नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कॉलेजच्या जुन्या कोर्टवर गेलो. एका रिंगला जाळी नव्हती आणि सिमेंटला भेगा पडल्या होत्या. एकवीस गुणांचा सामना खेळलो. मी २१-६ ने हरलो. घोटा अजिबात दुखला नाही.