जहाजाचे घड्याळ, किनाऱ्याचे घड्याळ

आमच्या घराला समुद्र नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात प्रत्येक मोहल्ल्यात जहाजावर नोकरी केलेला कुणी ना कुणी भेटतो. पण तिकीट काढून, पाहुणे म्हणून जहाजावर चढण्याची वेळ आमच्यावर गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच आली. तीन वर्षे थोडे थोडे बाजूला टाकले होते. सिंगापूरहून निघायचे, मलेशियातले पिनांग आणि थायलंडमधले फुकेट पाहायचे आणि पुन्हा सिंगापूरला यायचे, असा चार रात्रींचा प्रवास होता. आम्ही दोघे, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात, असे पाच जण.

जहाजाच्या तिकिटात खोली, जेवण आणि करमणूक येते. बंदरावर उतरून काय पाहायचे, त्याचे पैसे मात्र वेगळे. जहाजवाले याला शोअर एक्सकर्शन म्हणतात. त्यांची यादी निघण्याच्या दोन महिने आधीच आली. बसने शहरदर्शन, स्पीडबोटीने बेटे, स्वयंपाकाचा वर्ग, सगळे त्यात होते. प्रत्येक सहलीसमोर माणशी दर लिहिलेला. वर्गात गुणाकार शिकवता शिकवता आयुष्य गेले, तरी त्या दराला पाचने गुणल्यावर आम्ही कागद उलटा ठेवला. दोन बंदरांच्या दोन सहली म्हणजे आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा होत होता.

मग आम्ही शाळेतल्यासारखी कामे वाटून घेतली. मुलीने नकाशे पाहिले, मुलांच्या अब्बांनी वेळापत्रक पाहिले आणि आम्ही खर्चाची वही केली. त्या वहीतून जे हाती आले ते पहिल्यांदा जहाजाने जाणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहीत आहोत. आमची एक चूकही लिहीत आहोत, कारण शिकण्यासारखे त्या चुकीतच जास्त होते.

पहिली गोष्ट आम्हाला कळली ती अशी की जहाजाच्या सहलीचा दर जास्त असतो, पण त्या दरात एक हमीही असते. जहाजाने नेलेली बस रस्त्यात अडकली, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते, नाहीतर त्या प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची जबाबदारी घेते. आपले आपण फिरायला गेलो आणि उशीर झाला, तर जहाज निघून जाते. मग पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला, धावपळही आपली. म्हणून आम्ही एक साधा नियम केला. पाहायचे ठिकाण बंदरापासून पायी किंवा थोड्या अंतरावर असेल, तर आपले आपण जायचे. लांब असेल, तर जहाजाबरोबर जायचे. जहाजाबरोबर जाणे परवडत नसेल, तर ते ठिकाण सोडून द्यायचे.

या नियमात पिनांग अगदी बसले. पिनांगचे स्वेटनहॅम बंदर जॉर्जटाऊन या जुन्या शहराला लागूनच आहे. २००८ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उतरून पंधरा-वीस मिनिटे चालले की कपितान केलिंग मशीद येते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातून व्यापारासाठी आलेल्या मुसलमानांनी ती उभारली. 'कपितान' हे त्या समाजाच्या मुखियाचे पद होते. त्याच रस्त्याच्या आसपास चिनी मंदिर, मारिअम्मनचे देऊळ आणि सेंट जॉर्ज चर्च आहे. एवढे सगळे पाहायला बस कशाला हवी?

तरीही आम्ही आधी वेळेचे गणित मांडले. जहाज दुपारी दोनला लागणार आणि रात्री नऊला सुटणार, म्हणजे वरवर पाहता सात तास. त्यातून गर्दीत उतरण्याचा एक तास वजा. सुटण्याआधी सर्वांना आत घेण्याची वेळ ठरलेली असते, त्यासाठी एक तास वजा. आपल्या अडीअडचणीसाठी आणखी एक तास वजा. हातात उरले चार. या चार तासांत अम्मींच्या गुडघ्यांना झेपेल तेवढेच पाहायचे, असे ठरले. पाच जण एकत्र निघाले की वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरावा. तो तरुणांचा धरला, की म्हाताऱ्या माणसाला दिवसभर आपण ओझे झालो असे वाटत राहते.

अम्मींचा मात्र एक हट्ट होता. त्यांचे वडील १९६०च्या दशकात मुंबईहून मुघल लाइनच्या 'मोहम्मदी' जहाजाने हजला गेले होते. लहानपणी मुंबईच्या धक्क्यावर उभे राहून त्यांना निरोप दिल्याची आठवण अम्मी आजही सांगतात. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणे १९९५ साली बंद झाले. पिनांगच्या लेबुह आचे रस्त्यावर एक जुनी मलाय मशीद आहे, आणि विमाने येण्याआधी त्या भागातले हाजी तिच्या आसपास मुक्काम करून इथूनच जहाजात बसत, हे आम्ही त्यांना वाचून दाखवले होते. अम्मी म्हणाल्या, "बेटा, बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल. ती जागा दाखव."

आम्ही आधी कपितान केलिंग मशिदीत गेलो. तिथे असरची नमाज मिळाली. मलेशियात शाफई मसलकाप्रमाणे असरची वेळ होते, आणि आपल्या कोकणी घरांतही तसेच असते. त्यामुळे परक्या देशात अजान ऐकताना आपल्या गावाचीच वेळ आहे असे वाटले. मशिदीतून लेबुह आचेपर्यंत अम्मींसाठी तीनचाकी सायकल रिक्षा केली. तिथे तिला त्रिशॉ म्हणतात, आणि प्रवासी पुढे बसतो, चालवणारा मागे. भाडे बसण्याआधी ठरवले, पाचही बोटे दाखवून ठरवले. १८०८ साली आचेहून आलेल्या एका अरब वंशाच्या सय्यद व्यापाऱ्याने बांधलेली ती मशीद लहानशी, शांत आहे. मनोरा अष्टकोनी. अम्मी अंगणात बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "इथल्याही पोरी अशाच उभ्या राहिल्या असतील धक्क्यावर." कुठल्याच सहलीच्या यादीत ही जागा नव्हती.

संध्याकाळी भारतीय मुसलमानांच्या खानावळीत नासी कांदार खाल्ले. ताटात भात, त्यावर दोन-तीन रश्शांचे मिश्रण. जॉर्जटाऊनमध्ये सगळीच खानावळ हलाल नसते, म्हणून दारावरचे अधिकृत हलाल चिन्ह पाहूनच आत जावे. मगरिब पढून आम्ही जहाजावर परतलो. पाच जणांचा सगळा खर्च बस-सहलीच्या एका माणसाच्या दरातही बसला.

या यशाने आम्ही जरा निर्धास्त झालो, आणि फुकेटला चुकलो.

फुकेटचा वाद घरूनच सुरू झाला होता. मुलांना स्पीडबोटीने फी फी बेटांवर जायचे होते. मुलगी म्हणाली, "सगळ्यांचे फोटो तिथलेच असतात." जहाजाची सहल परवडत नव्हती. बाहेरच्या एजंटाची निम्म्या दरात होती. आम्ही दोन कारणांनी नाही म्हटले. एक, बेटावर जायला आधी रस्त्याने बेटाच्या दुसऱ्या बाजूला, मग समुद्रातून, आणि परत तसेच यावे लागते. त्यात कुठेही उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबणार नाही. दुसरे कारण मोठे होते. मेपासून त्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि समुद्र खवळतो. २०१८च्या जुलैमध्ये फुकेटजवळ पर्यटकांची बोट वादळात बुडून ४७ जणांचा जीव गेला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, हे कोकणातल्या पोरांना शिकवावे लागत नाही. मुलगी एक दिवस बोलली नाही, पण समजली. स्वस्त सहल घेताना लाइफ जॅकेट सर्वांना मिळणार का, बोटीत किती माणसे बसवतात, हवामान बिघडले तर पैसे परत देतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो आपल्याला महाग पडतो.

फुकेटला पातोंगच्या किनाऱ्यासमोर मोठे जहाज समुद्रातच नांगर टाकते. तिथून लहान टेंडर बोटीने किनाऱ्यावर जावे लागते. लाटांवर ती बोट वरखाली होते. दोन खलाशांनी अम्मींचे दोन्ही हात धरून त्यांना उतरवले. ज्यांना पाऊल उचलणे अवघड आहे किंवा चाकाची खुर्ची लागते, त्यांनी अशा बंदरावर उतरता येईल का, हे तिकीट काढतानाच विचारावे. समुद्र फार खवळला तर जहाज ते बंदर गाळूही शकते.

त्या दिवशी किनाऱ्यावर लाल झेंडे लागले होते. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचे नाही, मग पाणी कितीही निळे दिसो. जेट-स्कीवाले हाका मारत होते. नंतर नुकसान दाखवून भरपाई मागण्याच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत, म्हणून आम्ही पुढे गेलो. मुलांनी वाळूत खेळून घेतले, बाजार पाहिला. जोहर आणि असर एकत्र पढली. प्रवासात अशी सवलत शाफई मसलकात आहे, तिच्या अटी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्याव्यात. मग मुस्लिम मालकाच्या एका खानावळीत निवांत जेवायला बसलो. शेवटची टेंडर बोट साडेचारला होती. फोनवर दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. जवळजवळ दोन तास आहेत म्हणून मुलांसाठी नारळपाणीही सांगितले.

एवढ्यात अम्मी म्हणाल्या, "अरे, माझ्या घड्याळात तर पावणेचार वाजायला आले."

मुले हसली. ते घड्याळ आमच्या सासऱ्यांचे, जुने, चावीचे. आम्हीही म्हटले, "अम्मी, मागे-पुढे झालं असेल." त्या म्हणाल्या, "काल रात्री खोलीतल्या पोराकडून लावून घेतलंय. जहाजाची वेळ आहे ही."

मुलांच्या अब्बांचा चेहरा उतरला. थायलंडची वेळ सिंगापूर आणि मलेशियाच्या एक तास मागे आहे. जहाजाने आपली वेळ बदलली नव्हती, ते सिंगापूरच्याच वेळेने चालत होते. फोनने मात्र किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच स्वतःहून थायलंडची वेळ घेतली होती. आमच्याकडे दोन तास नव्हते, पन्नास मिनिटे होती. आणि आम्ही धक्क्यापासून बरेच लांब आलो होतो.

पैसे दिले, नारळ तसेच टेबलावर राहिले. भाव न करता पहिल्या दिसलेल्या टुकटुकमध्ये बसलो. रस्त्यात वाहनांची रांग होती. अम्मी तसबीह फिरवत होत्या, मुलगी आजीचा हात धरून बसली होती, आणि आम्ही मनात हिशेब करत होतो, की जहाज गेले तर पाच जणांची विमानाची तिकिटे कुठून आणायची. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा अम्मींच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटे झाली होती. लांब रांग होती. ती रांग पाहून इतका आनंद आम्हाला कधी झाला नव्हता. आमच्या मागे आणखी दोन कुटुंबे धावत आली, त्यांचे फोनही तीच वेळ दाखवत होते. अल्हमदुलिल्लाह, सगळे चढले.

रात्री खोलीत आम्ही वहीत शेवटचे पान लिहिले. ते असे:

जहाजातून उतरण्याआधी एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावे आणि दिवसभर तेच पाहावे. नमाजच्या वेळेसाठी किनाऱ्याची वेळ, परतण्यासाठी जहाजाची वेळ, असे दोन्ही लक्षात ठेवावे. जहाजावर रोज जे माहितीपत्रक मिळते, त्यात परतण्याची वेळ आणि त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटाचा नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. पासपोर्टची प्रत, दोन दिवसांची औषधे आणि थोडे स्थानिक पैसे प्रत्येक मोठ्या माणसाजवळ असावेत. प्रवास विम्यात जहाज चुकल्याचा आणि दवाखान्याचा खर्च येतो का, हे वाचून घ्यावे. जहाज सिंगापूरला परत येणार असेल, तर तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा आहे ना, हे तपासावे. मलेशिया आणि थायलंडचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावेत. आणि परतण्यासाठी राखलेला तास जेवणात खर्च करू नये, तो आमच्यासारख्यांच्या चुकीसाठी असतो.

परत आल्यावर शाळेत बायका विचारतात, एवढ्या पैशांत काय काय पाहिले? आम्ही सांगतो की दोन बंदरे पाहिली, आणि दोन्हींतही यादीतली मोठी ठिकाणे सोडली. फी फी बेटे राहिली. मुलगी अजून आठवण काढते. इन्शाअल्लाह कधीतरी, चांगल्या हंगामात.

पण आता आमच्याकडे कुणी प्रवासाला निघाले की अम्मींचे ते चावीचे घड्याळ मागून नेतात. अम्मी देतात, पण आधी स्वतः चावी देऊन.