शीर्षकपृष्ठावरचे गाव

मराठीच्या त्या अध्यापिकेला कोइंब्रा हे नाव प्रथम आढळले ते एका शब्दग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर, अगदी तळाशी. गोव्यातील आसगावचे पंडित मोन्सेनोर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांविषयीचा ग्रंथ 1913 साली कोइंब्रा विद्यापीठाच्या मुद्रणालयात छापला गेला. 1919 व 1921 साली त्यांच्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशाचे दोन खंडही तेथूनच निघाले. पगार, चावी, परात, घमेले, काजू हे शब्द मराठी माणूस ज्या सहजतेने वापरतो ती सहजता या ग्रंथांपाशी थबकते. शब्द पश्चिमेकडून आले. त्यांचे शास्त्र मात्र आसगावच्या माणसाने तिकडे नेले. या उलट्या प्रवासाचा माग घ्यावा म्हणून तिने कोइंब्राला जायचे ठरवले, आणि ठरवताक्षणीच प्रश्न पडला की तेथे जाऊन नेमके करायचे काय?

प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. दालगादोंच्या 1913च्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1936 साली बडोद्याहून प्रसिद्ध झाले आहे, कोशाचे पुनर्मुद्रणही उपलब्ध आहे. संहिता घरी असताना संहितेच्या गावी जाण्यात यात्रेकरूची श्रद्धा किती आणि अभ्यासकाची गरज किती, हे स्वतःशी तपासणे भाग होते. त्यात श्रद्धेला खतपाणी घालणारे बरेच काही तेथे आहे. मोंदेगु नदीवरची टेकडी, तिच्या माथ्यावर राजवाड्यातच थाटलेले विद्यापीठ, विद्यार्थ्यांनी ‘शेळी’ असे नाव ठेवलेली मनोऱ्यावरची घंटा. 1717 ते 1728 या काळात उभे राहिलेले जोआनिना ग्रंथालय तर आख्यायिकेसारखेच वाटावे: ग्रंथांना लागणारे किडे तेथे वटवाघळे खातात, आणि त्यांच्या विष्ठेपासून मेजे वाचवण्यासाठी रात्री त्यांवर चामड्याची आच्छादने घालतात. तिकीट काढून, नेमून दिलेल्या वेळी हे सारे पाहता येते. वाचता मात्र येत नाही. तेथील ग्रंथ हवा असेल तर रीतसर मागणी करून तो जवळच्या सर्वसाधारण ग्रंथालयात बसून पाहावा लागतो. पाहणाऱ्यांचे दार वेगळे, वाचणाऱ्यांचे वेगळे. आणि हाती दिवस अवघे तीन.

विद्यापीठाच्या वयाचेही असेच. स्थापनेचे साल 1290 दिले जाते, पण राजा दिनिशने ते स्थापले लिस्बनमध्ये. पुढे अडीचशे वर्षे ते दोन शहरांत येरझारा घालत राहिले आणि 1537 साली कोइंब्रात स्थिरावले. प्राचीनत्वाचा असा एकसलग उच्चार संस्था करतात तेव्हा मधली खंडिते गाळलेली असतात, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मोहाचे आणखी एक ठिकाण होते. कोइंब्राला जायचेच आहे तर फादर स्टीफन्सचाही धागा तेथे जोडावा, असे टिपण तिने केले होते. ते खोडावे लागले. ‘ख्रिस्तपुराणा’चा हा कर्ता इंग्लंडात जन्मला, येशूसंघात दाखल झाला रोममध्ये, आणि 1579 साली लिस्बनहून जहाजाने गोव्याला निघाला. जेझुइटांचे मोठे विद्यालय कोइंब्रात होते एवढ्यावरून प्रत्येक जेझुइट कोइंब्राचा होत नाही.

उरले मुद्रणालय. तेच खरे तर पाहायचे होते, आणि त्याचाच इतिहास सर्वांत तुटक निघाला. 1772च्या पाँबालकृत सुधारणांच्या वेळी उभे राहिलेले हे मुद्रणालय 1934 साली बंद करण्यात आले, तेही सालाझारच्या राजवटीत, म्हणजे पूर्वी याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेल्या गृहस्थाच्या सत्तेखाली. ते पुन्हा सुरू झाले 1998 साली. त्याच राजवटीने 1940च्या दशकापासून टेकडीवरची जुनी वस्ती पाडून, रहिवाशांना अन्यत्र हलवून, विद्याशाखांच्या भव्य इमारती उठवल्या. 2013 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या परिसरात हे पाडकामही अंतर्भूत आहे. मार्गदर्शिकेतील रंगीत छायाचित्रांत ते सहसा दिसत नाही. ज्या सर्वसाधारण ग्रंथालयात बसून वाचायचे तेही त्याच पुनर्रचनेतले.

या माहितीनंतर प्रवासाचा आराखडा बदलला. आधी दोन दिवस पाहण्यासाठी आणि एक वाचण्यासाठी होता. आता जोआनिनासाठी एकच दुपार ठेवली आहे. वटवाघळांचा मोह अगदीच सुटलेला नाही, आणि तो सोडावा असेही काही नाही. उरलेला वेळ वाचनकक्षात. सोबत नेण्याच्या वहीत तिने कोकणातून गोळा केलेले, दालगादोंच्या नोंदींशी ताडून पाहायचे शब्द अकारविल्हे लिहून काढले आहेत. लिस्बनहून पोर्तोकडे जाणारी गाडी कोइंब्रा-बी या स्थानकावर थांबते. स्थानक जुन्या शहराबाहेर आहे आणि पुढे चढ आहे, तेव्हा कोशाचे दोन्ही खंड घरीच ठेवून केवळ वही न्यायची असे ठरले आहे.