शून्य नंबरचा ब्रश

अमीनाबादेत पाहुणे चिकनचे कुर्ते बघतात, मी चित्रकलेचे ब्रश. माझ्या कामातला मज्जारज्जूचा काप जेमतेम तीस मायक्रॉन जाड, चिमट्यात धरला की फाटलाच. द्रावणात तरंगणारा काप अलगद उचलायला मऊ केसांचा शून्य नंबरचा ब्रशच लागतो. दुकानदार टोक भिजवून दाखवतो तेव्हा मी खुशाल घासाघीस करते. लखनौत तेही रीतीला धरूनच.

काम तसं किचकट. उंदराच्या मेंदूच्या देठात रंगद्रव्य टोचायचं. ते तंतूंतून उलटं उतरतं आणि मेंदूकडे वेदनेचा निरोप धाडणाऱ्या पेशी तेवढ्या उजळतात. मज्जारज्जूच्या अगदी वरच्या थरात त्या शंभरात पाचेकच. पण त्यांतल्या जवळपास ८० टक्के पेशींवर एनके-१ रिसेप्टर असतो. त्याला चिकटणारं पेप्टाइड म्हणजे सबस्टन्स पी, १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना सापडलेलं.

शांत पेशीत हा रिसेप्टर कडेकडेने रेषेसारखा दिसतो. उंदराच्या पंजात कॅप्सेसिन टोचलं (इथल्या चाटवरच्या मिरचीने जीभ भाजते, तेच द्रव्य) की काही मिनिटांत रेषा विरते आणि पेशीच्या पोटात ठिपके उमटतात. पेप्टाइड चिकटलेला रिसेप्टर पेशीने आत ओढून घेतलेला असतो. असा काप भिंगाखाली आला की मी जेवणही विसरते. मात्र रिसेप्टर दाखवणारी अँटिबॉडी जरा जास्त झाली तर सगळंच चमकतं आणि नवशिक्याला तोच शोध वाटतो. म्हणून मी आधी पहिली, म्हणजे रिसेप्टर ओळखणारी, अँटिबॉडी न घातलेला काप बघते. तो काळा नसेल, तर बाकीचे बघण्यात अर्थ नाही.

१९९७ साली पॅट्रिक मँटी आणि सहकाऱ्यांनी सबस्टन्स पीला विष जोडून नेमक्या याच पेशी मारल्या. उंदरांची तीव्र वेदना आणि इजेनंतरचा हुळहुळेपणा ओसरला, सौम्य वेदनेची जाण मात्र शाबूत राहिली. साहजिकच रिसेप्टर अडवणारी औषधं आली, आणि माणसांच्या वेदनेपुढे ती फिकी पडली. मला यात फारसं आश्चर्य वाटत नाही. पेशी मारणं वेगळं, तिचा एक रिसेप्टर अडवणं वेगळं. ग्लुटामेट हे दुसरं संदेशवाहक द्रव्य तिला चेतवतच राहतं. त्या औषधांतल्याच ॲप्रेपिटंटला २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर आणि उलट्यांवर.