'कंपाइल' गेलं, आता काय लिहायचं?

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात हाय टेन्शन रोडजवळच्या एका फ्लॅटमध्ये आमचं छोटं ऑफिस होतं. गिऱ्हाइकाचा जुना जावा प्रोजेक्ट स्प्रिंग बूट 3 वर न्यायचा होता. त्याला जावा 17 लागतं आणि बिल्डसाठी ग्रेडल 7.5 च्या खालचं चालत नाही. ग्रेडल बदललं आणि बिल्ड तिथल्या तिथे अडला: 'कंपाइल' नावाची मेथडच सापडेना. सापडणार कुठून? 2017 मध्ये ग्रेडल 3.4 ने लायब्ररी जोडण्याची 'एपीआय' आणि 'इम्प्लिमेंटेशन' अशी वाटणी केली, आणि 2021 मध्ये 7.0 ने 'कंपाइल' काढूनच टाकलं.

"बधुं एपीआय करी नाख ने, भाई!" शेजारच्या टेबलावरून सल्ला आला. बडोद्यात असे सल्ले गुजरातीतच येतात.

सगळंच 'एपीआय' केलं असतं तर बिल्ड चाललाही असता. पण मग प्रत्येक मॉड्यूलला खालची प्रत्येक लायब्ररी दिसणार, म्हणजे जुनाच गोंधळ नव्या नावाने. म्हणून आधी सरसकट 'इम्प्लिमेंटेशन' लिहिलं. कॉमन मॉड्यूल सुरळीत कंपाइल झालं, त्यावर उभं असलेलं बिलिंगचं अडलं. कॉमनमधली एक पब्लिक मेथड जॅक्सन लायब्ररीचा 'जेसननोड' परत देत होती. तो प्रकार बिलिंगला ओळखता यायलाच हवा. तेवढं जॅक्सन 'एपीआय'मध्ये गेलं. मेथडच्या पोटात वापरलेलं बाकी सगळं 'इम्प्लिमेंटेशन'मध्येच राहिलं. त्यातलं काही बदललं तरी ग्रेडल वरची मॉड्यूल्स पुन्हा कंपाइल करत बसत नाही.

खरी गंमत पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरची. कोड बोलतो जेडीबीसीशी, ड्रायव्हर लागतो फक्त चालताना. म्हणून तो 'रनटाइमओन्ली'. तसं लिहिलं आणि एक फाइल लाल झाली. कुणीतरी कॅच ब्लॉकमध्ये थेट 'पीएसक्यूएलएक्सेप्शन' पकडून ठेवलं होतं. काम एवढंच, की ग्राहक क्रमांक दुसऱ्यांदा आला तर ओळखायचं. त्याला जावाचं साधं 'एसक्यूएलएक्सेप्शन' आणि 23505 हा स्टेट कोड पुरतो. वर्षानुवर्षं दडलेली ही लगट एका शब्दाने उघडी पाडली.

गिऱ्हाइकाच्या माणसाने मात्र भलताच प्रश्न टाकला, "लॉगफोरजे इम्प्लिमेंटेशनमध्ये आहे म्हणजे बाहेर दिसत नाही. मग धोका टळला ना?" डिसेंबर 2021 च्या लॉगफोरशेल या लॉगफोरजेमधल्या सुरक्षा-त्रुटीची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. पण हा पडदा फक्त कंपाइलपुरता. जारमध्ये लायब्ररी जातेच. त्यांच्यासमोर 'रनटाइमक्लासपाथ'ची यादी काढली. रिपोर्ट छापणाऱ्या एका जुन्या लायब्ररीच्या पाठीवरून लॉगफोरजे-कोअर 2.14.1 आत येऊन बसलं होतं. कन्स्ट्रेंट लावून ते 2.17.1 वर नेलं आणि मगच जार पाठवला.