फोर्थलिन रोडवरील घर

लिव्हरपूल हे मर्सी नदीच्या मुखाशी वसलेले जुने बंदर. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त तेथे राहतो. गोदी व तेथील दोन प्रचंड चर्चे पाहून झाल्यावर एके सकाळी तो म्हणाला, "काका, आज बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचे घर पाहू." आम्ही मनात चपापलो. दहावीचे वर्ष म्हणून याच मुलाची गिटार आम्ही माळ्यावर टाकविली होती, व ती तेथेच कुजली. त्याने तो विषय कधी काढला नाही; त्या दिवशीही काढला नाही.

फोर्थलिन रोड, क्रमांक २०. नगरपालिकेने सामान्य लोकांसाठी बांधलेल्या रांगेतील एक साधे घर. हल्ली नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते. आत छायाचित्रे घेऊ देत नाहीत, हे एका अर्थी बरेच. मनुष्य डोळ्यांनी पाहतो. मॅकार्टनी कुटुंब येथे १९५५ साली आले. पुढच्याच वर्षी आई वारली. वडील जिम हे कापसाच्या पेढीवरील विक्रेते; तरुणपणी त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद असे. त्यांनी मुलास तुतारीसारखे ट्रम्पेट घेऊन दिले. मुलाने ते देऊन गिटार आणली, तरी वडिलांनी मोडता घातला नाही. पुढे शाळा बुडवून पॉल व त्याचा मित्र जॉन लेनन याच घराच्या समोरच्या खोलीत गाणी रचू लागले. शाळा बुडवून! आमच्यातील मास्तरास हे वाक्य लिहितानाही जड जाते.

दुपारी मॅथ्यू स्ट्रीटवरील कॅव्हर्न या तळघरात गेलो. मूळ तळघर १९७३ साली बंद झाले. हल्लीचे १९८४ साली जुन्या विटा वापरून उभारलेले आहे. तेथे पुतण्याने विचारले, "काका, एखाद्या रॉक बँडास श्रेष्ठ केव्हा म्हणावे?"

तबकड्यांच्या खपावरून म्हणू नये, हे आमचे पहिले उत्तर. खप गूळपापडीचाही होतो. मेहनत मात्र मोजावी. ही मंडळी १९६० ते १९६२ या काळात जर्मनीतील हांबुर्गच्या मद्यगृहांत एकेका रात्री कित्येक तास वाजवीत; कॅव्हर्नमध्ये १९६३ पर्यंत सुमारे २९० वेळा वाजविले. म्हणूनच १९६३ सालच्या पहिल्या संग्रहातील बहुतेक गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. तथापि मेहनती पुष्कळ असतात. यांचा विशेष असा की, हाती आलेल्या यशावर ते बसून राहिले नाहीत. १९६६ साली, कीर्ती शिगेस असता, त्यांनी जाहीर दौरे सोडले व पुढील वर्षी 'सार्जंट पेपर' हा निराळ्याच घाटाचा संग्रह काढला. जॉर्ज हॅरिसन तर जगप्रसिद्ध झाल्यावर पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यास बसला. केंब्रिज येथे संस्कृत शिकविणारे, गीता व उपनिषदे इंग्रजीत आणणारे ह्वान मास्कारो यांनी त्यास पत्राने लाओत्सेचे एक वचन सुचविले. त्यावरून 'दि इनर लाइट' हे गीत झाले. त्याचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, येथल्याच वादकांकडून मुद्रित केले गेले. कीर्ती मिळाल्यावर शिष्य होणे किती कठीण, हे शिक्षकास ठाऊक असते. चौघे १९७० साली वेगळे झाले. म्हणजे सारा व्याप जेमतेम दहा वर्षांचा.

परतताना बसमध्ये आम्हीच गिटारीचा विषय काढला. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या हो काका, तिच्या तारा तशाही गंजल्या होत्या."

तारा नव्या होत्या. आम्हांस पक्के आठवते.